हेड्रियनच्या भिंतीलगतचा फेरा: स्टील रिग, हाउसस्टेड्स, विंडोलांडा

प्रश्न पुण्याच्या ४६ वर्षांच्या एका धावपटू भगिनींचा आहे. त्यांनी आजवर चार अर्धमॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत, उत्तम वेळ २ तास १० मिनिटे आहे आणि दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढण्याचा त्यांचा परिपाठ आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला बहिणीकडे येत आहेत आणि एक मोकळा दिवस हेड्रियनच्या रोमनकालीन भिंतीलगतच्या डोंगराळ वाटेवर पळण्यात घालवावा, असे त्यांच्या मनात आहे. फेरा किती लांबीचा धरावा, त्याला किती वेळ लागेल, कोणत्या दिशेने पळावे, बूट कोणते घ्यावेत, पळता पळता अवशेष पाहून होतात का, आणि न पळणाऱ्या बहिणीने तोवर कुठे थांबावे, असे त्यांचे प्रश्न आहेत. गेली १४ वर्षे मी या भागात पळतो आहे आणि भारतातून आलेल्या बऱ्याच मित्रमंडळींना या वाटेवर सोबत केली आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आधी हिशेब सांगतो. द सिल या नॅशनल पार्कच्या केंद्रापासून निघून स्टील रिग, तिथून भिंतीच्या कडेने पूर्वेला हाउसस्टेड्सचा किल्ला, मग दक्षिणेला उतरून विंडोलांडा हे रोमन ठाणे आणि परत द सिल, असा फेरा साधारण १४ ते १५ किलोमीटरचा होतो. माझ्या घड्याळात एकूण चढाई ४०० ते ४५० मीटरच्या आसपास दिसते. आपली अर्धमॅरेथॉनची वेळ पाहता हे अंतर दीड तासात उरकेल असे वाटणे साहजिक आहे, परंतु निव्वळ पळण्या-चालण्यासाठीच सव्वादोन ते पावणेतीन तास धरावेत, आणि अवशेष पाहण्याचा वेळ त्याहून वेगळा ठेवावा. सिंहगडाची चढण एकसलग आहे. एकदा श्वास आणि पाऊल जुळले की तुम्ही माथ्यापर्यंत त्याच लयीत जाता. इथे वीस-तीस मीटर चढायचे, तेवढेच किंवा त्याहून जास्त उतरायचे, खिंडीत चार पावले सपाट मिळतात न मिळतात तोच पुन्हा चढण, असा प्रकार स्टील रिगपासून हाउसस्टेड्सपर्यंतच्या पाच किलोमीटरभर चालतो आणि लय म्हणून काही बसतच नाही. या पट्ट्यात किलोमीटरमागचा वेग पाहणे मी केव्हाच सोडून दिले आहे.

वाट नीट समजायची असेल, तर इथे रोमनांनी आखलेल्या चार रेषा जवळजवळ समांतर धावतात हे आधी ध्यानात घ्यावे, कारण आपला फेरा या चारही रेषांना स्पर्श करतो. सर्वांत उत्तरेला, कड्याच्या धारेवर, भिंत आहे. सम्राट हेड्रियन इसवी सन १२२ मध्ये ब्रिटनमध्ये आला आणि त्याच्या आज्ञेवरून हे काम सुरू झाले. पूर्वेला टाइन नदीच्या मुखाजवळून पश्चिमेला सॉलवेच्या खाडीपर्यंत ही भिंत ८० रोमन मैल, म्हणजे आजच्या मोजणीने सुमारे ११७ किलोमीटर जात होती. भिंतीच्या दक्षिणेला व्हॅलम नावाचा खंदक आहे. तो सुमारे सहा मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असून त्याच्या दोन्ही अंगांना मातीचे बांध आहेत. भिंत आणि व्हॅलम यांच्या मधून मिलिटरी वे हा लष्करी रस्ता जातो. भिंत उभी राहिल्यानंतर काही दशकांनी तो बांधण्यात आला. आणि सर्वांत दक्षिणेला, भिंतीच्याही आधीचा, स्टेनगेट हा रस्ता आहे, जो कॉरब्रिज आणि कार्लाइल यांना जोडत असे व ज्याच्या काठी विंडोलांडा वसले.

या चार रेषांतून धावणाऱ्याने घ्यावा असा बोध माझ्या मते एकच आहे. भिंत पहाऱ्यासाठी होती, रस्ते जाण्यायेण्यासाठी होते. आखणी करणाऱ्यांनी भिंत प्रत्येक कड्याच्या टोकावरून आणि प्रत्येक खिंडीच्या तळातून नेली, कारण तिथे शत्रूची अडचण पाहायची होती. रस्ता मात्र कड्याच्या पाठीवरच्या उताराने, चढउतार टाळत नेला, कारण तिथे माणसांची आणि बैलगाड्यांची सोय पाहायची होती. म्हणून भिंतीलगतची पाच किलोमीटर पहारा केल्यासारखी, पाहत आणि जपून करावीत, आणि खरे पळणे परतीच्या स्टेनगेटवर करावे. पुष्कळ लोक नेमके उलटे करतात. ताज्या पायांनी कड्यांवर जोर काढतात आणि विंडोलांडानंतरच्या सपाट रस्त्यावर चालत येतात.

दिशेविषयी माझे मत ठाम आहे: भिंतीलगत पश्चिमेकडून पूर्वेकडे जावे. इथला वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो आणि कड्याच्या धारेवर त्याला आडवे यायला झाडही नसते. धारेवर वारा पाठीशी घेणे आणि परतीच्या सखल, आडोशाच्या रस्त्यावर तो तोंडावर घेणे हे उलट्या मांडणीपेक्षा केव्हाही परवडते. दुसरे असे, की पील क्रॅग्जच्या पश्चिम टोकाची दगडी पायऱ्यांची वाट फार उभी आहे. पश्चिमेकडून आल्यास ती चढावी लागते, पूर्वेकडून आल्यास उतरावी लागते, आणि ओल्या दिवशी ती उतरण्याची वेळ कोणावर येऊ नये.

या पायऱ्यांपाशी थोडे थांबून दगडाविषयी सांगायला हवे, कारण सह्याद्रीत पाय घडलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो आणि घात तिथेच होतो. हा सगळा कडा व्हिन सिल नावाच्या डोलराइटच्या थराचा आहे. सुमारे २९.५ कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस जमिनीखालच्या थरांमध्ये घुसून तिथेच थिजला, आणि वरचे मऊ थर झिजून गेल्यावर त्याची उत्तरेकडची कड उघडी पडून उभा कडा तयार झाला. आपला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आणि जमिनीवर पसरलेला, हा त्याहून कितीतरी जुना आणि जमिनीखाली थंडावलेला; पण रस त्याच जातीचा आहे आणि रंगही तोच काळपट राखाडी आहे. कोरडा असताना हा दगड आपल्या कातळासारखीच पकड देतो. फरक ओलाव्याचा आहे. सह्याद्रीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपण शेवाळाला भितो आणि दिवाळीनंतर निर्धास्त होतो. इथे ऑक्टोबरमध्ये सकाळी अकरापर्यंत दगड दवाने ओला असतो, पाऊस पडो अथवा न पडो. शिवाय वाटेवर बसवलेल्या पायऱ्या लाखो बुटांनी घासून गुळगुळीत झाल्या आहेत आणि मधला भाग किंचित खोलगट झाला आहे, त्यात पाण्याचा पापुद्रा साचून राहतो. पाऊल पायरीच्या मध्यावर न टेकवता कडेला, जिथे दगड अजून खरखरीत आहे आणि बाजूच्या गवताचा आधार आहे, तिथे टेकवावे.

मला ही अक्कल फुकट आलेली नाही. पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरात रस्त्यावरचे झिजलेले बूट घालून या वाटेवर आलो होतो. चढण नीट पार पडली. कॅसल निकच्या उतारावर, रायगडाच्या पायऱ्या ज्याने डोळे मिटून उतरल्या आहेत त्याला हे काय, अशा डौलात मी टाच आधी टेकवत उतरू लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीला दोन्ही पाय एकदम निघून गेले. पडताना मागे टाकलेल्या हाताचे मनगट तीन आठवडे सुजून होते. तेव्हापासून उतरताना मी शरीर मागे रेलू देत नाही. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल सपाट, टांगा आखूड, आणि नजर दोन पायऱ्या पुढे. जिथे शंका वाटेल तिथे सरळ चालतो. या वाटेवर चालण्याची लाज कोणालाही वाटू नये, कारण उतारावर पळून वाचतात ते दोन-तीन मिनिटे.

कॅसल निक म्हणजे ३९ व्या क्रमांकाची मैलचौकी. भिंतीवर दर रोमन मैलाला असे एक छोटे ठाणे होते आणि दोन ठाण्यांच्या मध्ये दोन बुरूज होते. त्यामुळे क्रमांक ठाऊक असल्यास आपण किती अंतर आलो हे पळतापळता कळते. ३९ पासून ३७ पर्यंत दोन रोमन मैल, म्हणजे जवळजवळ तीन किलोमीटर. ३९ चा चौकोन खिंडीच्या कुशीत असा बसलेला आहे, की वरून उतरताना त्याच्या चारही भिंती आणि आतल्या खोल्यांची जोती एका नजरेत येतात. पाहण्यासाठी खाली जाऊन थांबण्याऐवजी उतरण्यापूर्वी वरच अर्धा मिनिट थांबावे. हा नकाशा खालून दिसत नाही.

पुढची मोठी खिंड सिकॅमोर गॅप. हिच्या तळाशी एकटे उभे असलेले झाड आपण चित्रांत पाहिले असेल. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस कोणीतरी रात्रीतून ते करवतीने पाडले आणि पडताना त्याचा घाव भिंतीलाही बसला. त्या प्रकरणात दोघांना २०२५ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. २०२४ मध्ये बुंध्याला नवे कोंब फुटले. त्याभोवती कुंपण आहे, त्याच्या आत हात घालू नये. मी आजही या खिंडीत उतरताना सवयीने डोळे वर करतो आणि पाऊल चुकते.

खिंडीनंतर हायशील्ड क्रॅग्जची चढण आहे आणि माथ्यावर वाट काही अंतर कड्याच्या अगदी कडेने जाते. डावीकडे खाली क्रॅग लॉक हे तळे आणि मध्ये कठडा नाही. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी, आणि वारा जोराचा असेल तर सर्वांनीच, इथे उजवीकडून खालच्या मिलिटरी वेने जावे. भीतीपोटी वाट सोडली असे कोणी म्हणणार नाही, कारण तीही रोमन वाटच आहे, आणि गवताच्या रुंद पायरीसारखी दिसणारी ती आखणी पायांना फारच सुखाची आहे.

मिल्किंग गॅप आणि हॉटबँकच्या शेतघराजवळ गुरे असतात. वासरे बरोबर असलेल्या गाईंच्या मधून कधीही पळत जाऊ नये. वेग कमी करून, लांबून वळसा घालून, चालत जावे. आपल्याकडच्या गाईंची सवय असलेल्याला ही सूचना अनाठायी वाटेल, पण इथली गुरे मोकळ्या माळावर वाढतात आणि धावता माणूस त्यांना बिचकवतो. फाटक ज्या स्थितीत सापडेल त्याच स्थितीत सोडावे. हॉटबँकजवळच्या ३८ व्या मैलचौकीत एक शिलालेख सापडला होता, ज्यावर हेड्रियनचे आणि तत्कालीन प्रांताधिकारी प्लेटोरियस नेपोस याचे नाव आहे. भिंत कोणाच्या काळातली, या वादात तो लेख मोलाचा ठरला. जागेवर आता फक्त उंचवटे दिसतात, तेव्हा थांबू नये. थोडे पुढे रॅपिशॉ गॅपला पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट उत्तरेला वळते. तिच्या पाटीमागे न जाता आपण सरळ पूर्वेला राहायचे.

३७ व्या मैलचौकीपाशी मात्र थांबावेच. तिच्या उत्तरेकडच्या दरवाज्याच्या कमानीचे खालचे चिरे अजून जागेवर आहेत. दरवाज्यात उभे राहून बाहेर पाहिले, की समोर सरळ उतार तुटतो. गाडी तर सोडाच, ओझे घेतलेला माणूसही तिथून धड जाऊ शकला नसता. नियम असा होता की दर मैलाला ठाणे आणि प्रत्येक ठाण्याला उत्तरेला दरवाजा. मग खाली कडा असो वा काही असो. पुढे हा दरवाजा अरुंद करून टाकला गेला. सरकारी आराखडा जमिनीची विचारपूस न करता राबवला की काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही.

भिंतीवर चढून पळणे या संपूर्ण पट्ट्यात निषिद्ध आहे. अपवाद फक्त हाउसस्टेड्सच्या अलीकडच्या झाडीतला छोटा तुकडा, जिथे पायवाटच भिंतीच्या माथ्यावरून जाते. आज आपल्याला दिसणारी पुष्कळशी भिंत एकोणिसाव्या शतकात जॉन क्लेटन यांनी पडलेले चिरे पुन्हा रचून उभी केलेली आहे. क्लेटन न्यूकॅसलचे वकील आणि नगर कारभारी होते. १७९२ मध्ये जन्मलेल्या आणि १८९० पर्यंत जगलेल्या या गृहस्थांनी भिंतीलगतची शेते एकामागून एक विकत घेतली, कारण शेतकरी घरे आणि बांध बांधण्यासाठी चिरे नेत होते. त्यांनी रचलेल्या भागात चुना नाही, माथ्यावर फक्त मातीगवताचा थर आहे, त्यामुळे माणसांच्या वजनाने चिरे सुटतात. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. भिंतीच्या बाजूचे गवत हे जमिनीखालच्या अवशेषांवरचे आच्छादन आहे. सगळे एकाच ओळीतून गेले तर गवत मरते, माती वाहते आणि अवशेष उघडे पडतात, म्हणून गटाने जाताना एकामागे एक न जाता शेजारी शेजारी पळावे आणि आधीच उघडी पडलेली माती टाळून गवतावरून जावे. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत जमीन पाण्याने तट्ट फुगलेली असते, तेव्हा भिंतीलगतची वाट टाळावी अशी विनंती केली जाते. आपला ऑक्टोबर या मर्यादेच्या आत आहे, परंतु आधीचे चार दिवस सतत पाऊस झाला असेल तर मी आपल्या जागी मिलिटरी वे निवडेन.

हाउसस्टेड्सचा किल्ला सुमारे दोन हेक्टरांचा, खेळायच्या पत्त्याच्या आकाराचा, कोपरे गोलावलेला आहे. पायवाट बाहेरून जाते आणि आत जाण्यासाठी तिकीट लागते. पळता पळता अवशेष पाहून होतात का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की भिंत पाहून होते, किल्ले होत नाहीत. इथे ४० मिनिटे काढावीत. अंगावर वाऱ्याला अडवणारे जाकीट चढवल्याशिवाय मात्र फिरू नये, कारण घामाने भिजलेले अंग पाच मिनिटांत गारठते. आपल्याला आपले गड पाहण्याची सवय असल्याने दोन जागा लगेच उमगतील. एक अंबारखाना. त्याच्या जमिनीखाली ओळीने दगडी खुंट उभे आहेत, त्यांवर फळ्यांची जमीन तोललेली असे आणि खालून वारा खेळता राहून धान्य कोरडे राही. दुसरी जागा आग्नेय कोपऱ्यातले सामुदायिक शौचगृह. किल्ला उताराचा आहे आणि हा त्याचा सर्वांत सखल कोपरा. किल्ल्यात झरा नसल्याने पावसाचे पाणी दगडी टाक्यांत साठवून तेच पाणी शौचगृहाच्या चरातून खेळवले जाई. टाक्यांच्या कडा घासून गोलसर झालेल्या आहेत. तिसऱ्या शतकात इथे टंग्रियन सैनिकांची पहिली तुकडी होती, आजच्या बेल्जियमकडची. किल्ल्याबाहेरच्या वस्तीत टोपीचे लांब झगे घातलेल्या तीन देवतांचे शिल्प सापडले आहे. देवांनासुद्धा रेनकोट चढवावा लागला असा हा मुलूख आहे, हे पाठपिशवी भरताना आठवावे.

किल्ल्यावरून उतरल्यावर बी ६३१८ हा डांबरी रस्ता ओलांडावा लागतो. याला लोक आजही मिलिटरी रोड म्हणतात, पण हा रोमन नव्हे. १७४५ च्या जॅकोबाइट उठावात, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या बंडात, न्यूकॅसलची सरकारी फौज वाईट रस्त्यांमुळे वेळेवर कार्लाइलला पोहोचू शकली नाही, तेव्हा १७५० च्या दशकात हा रस्ता झाला आणि पूर्वेकडच्या लांबच लांब पट्ट्यात भिंतीचेच चिरे त्याच्या खडीत गेले. रस्ता सरळ आहे आणि उंचवट्यांमागून गाड्या ताशी ६० मैलांनी येतात, त्यामुळे दोन्हीकडे पाहून, कान उघडे ठेवून, हेडफोन काढून तो ओलांडावा. फेऱ्यातली सर्वांत धोक्याची जागा माझ्या मते कडे नसून हा रस्ता आहे. पुढे क्रिंडलडाइक्सच्या जुन्या चुनाभट्टीवरून जाणाऱ्या गल्लीने विंडोलांडाकडे उतरता येते. या भागात पाट्या कमी आहेत. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा ओएल ४३ हा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा, कारण घळीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

विंडोलांडाला धावपटूने कशासाठी जावे, तर बुटांसाठी. इथे भिंतीच्या आधीपासून, साधारण इसवी सन ८५ पासून, एकावर एक अनेक किल्ले बांधले गेले. प्रत्येक वेळी जुने लाकडी बांधकाम पाडून वर मातीचा थर दिला गेला, आणि ओल्या, हवाबंद थरांत लाकूड व चामडे कुजले नाही. सुमारे ५००० चामडी पादत्राणे इथे सापडली आहेत, सैनिकांची, बायकांची, तान्ह्या मुलांचीही. संग्रहालयातल्या कपाटासमोर मी प्रत्येक वेळी उभा राहतो. जाड तळव्याला लोखंडी खिळ्यांच्या ओळी ठोकलेल्या, टाचेला आणि चवड्याला दाट, मध्ये विरळ. ओल्या गवताच्या उतारावर पकड हवी आणि कमानीखाली वजन नको, हे ज्या चांभाराला कळले होते त्याने आजच्या ट्रेल बुटाचा तळ पाहून मान डोलावली असती. खिळे एका बाजूने झिजलेला तळ दिसला, की हा माणूस पाय आत टाकत चालत होता, हेही ओळखता येते.

याच जागी १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडल्या. त्यांतल्या एका पत्रात पायमोज्यांचे जोड, चपलांचे दोन जोड आणि आतल्या कपड्यांचे दोन जोड पाठवल्याचा उल्लेख आहे. दुसरे पत्र क्लॉडिया सेव्हेरा या अधिकाऱ्याच्या पत्नीचे आहे. तिने सल्पिशिया लेपिडिना हिला आपल्या वाढदिवसाला बोलावले आहे आणि शेवटच्या ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत. बायकांच्या लॅटिन हस्ताक्षराच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत तो धरला जातो. बहुतेक पट्ट्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, मोजक्या इथे पाहायला मिळतात.

विंडोलांडाजवळ स्टेनगेटच्या कडेला पूर्ण उंचीचा रोमन मैलाचा दगड जागेवरच उभा आहे आणि पश्चिमेला एक रोमन मैल गेल्यावर दुसऱ्याचे खुंट उरले आहे. या दोहोंमधले अंतर मी दरवेळी घड्याळ लावून पळतो. दीड किलोमीटरला थोडे कमी भरते. व्हेजेशियस या उत्तरकालीन रोमन लेखकाने नवशिक्या सैनिकांसाठी उन्हाळ्यातल्या पाच तासांत २० मैल, म्हणजे जवळपास ३० किलोमीटर, चालण्याचा दंडक सांगितला आहे, तोही पाठीवर ओझे घेऊन करण्याच्या सरावासह. वाऱ्याला तोंड देत या डांबरी गल्लीतून जाताना पाय बोलू लागले, की मी हा आकडा आठवतो. इथेच आपण आपला रस्त्यावरचा वेग काढावा. उतार फारसे नाहीत, जमीन पक्की आहे आणि कड्यांवर राखलेली ताकद खर्च करायला जागा हीच.

आता बुटांचे. आपण सिंहगडाला वापरता ते ट्रेल बूट, तळाला चार-पाच मिलिमीटरचे लग, म्हणजे रबरी दाते, असतील आणि ते झिजलेले नसतील, तर पुरेसे आहेत. याहून खोल लगचे चिखलाचे बूट इथे घेऊ नयेत. ते गवतावर छान चालतात, पण ओल्या डोलराइटवर कमी रबर टेकते आणि स्टेनगेटच्या डांबरावर तळपाय बोंबलतात. लग किती खोल आहेत यापेक्षा रबर किती मऊ आहे, हे पाहावे. नखाने दाबल्यावर किंचित दबणारे रबर ओल्या दगडाला चिकटते. नवे बूट मात्र या दिवशी पहिल्यांदा घालू नका. ऑक्टोबरच्या मध्यात दिवसाचे तापमान बहुधा ८ ते १२ अंशांच्या आसपास असते आणि धारेवरच्या वाऱ्यात त्याहून बरेच गार वाटते. शिवणी बंद केलेले जलरोधक जाकीट, पातळ हातमोजे, टोपी, शिट्टी, तातडीचे चंदेरी आच्छादन, अर्धा लिटर पाणी आणि काहीतरी गोड, एवढे पाठीवर असावे. मी खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की नेतो. धावपटूंचे ऊर्जा देणारे जेल थंडीत इतके घट्ट होते की चावावे लागते. अडचण आलीच तर ९९९ ला फोन करून पोलीस आणि त्यांच्याकडून माउंटन रेस्क्यू मागावे.

बहिणीसाठी सोय सहज होते, आणि तिच्यामुळे आपलीही. त्यांनी आपल्याला सकाळी साडेनऊला द सिलच्या वाहनतळावर सोडावे आणि स्वतः गाडीने हाउसस्टेड्सला जावे. वाहनतळापासून किल्ल्यापर्यंत सुमारे ८०० मीटर चढ आहे, तेवढा चालण्याची त्यांची तयारी असावी. आपण अकराच्या सुमारास तिथे पोहोचाल. किल्ला दोघींनी मिळून पाहावा, मग त्यांनी गाडीने विंडोलांडाला जाऊन कोरडे कपडे आणि गरम चहा घेऊन थांबावे. तुम्ही पळत पोहोचेपर्यंत साडेबारा वाजतील. दुपारचे जेवण आणि संग्रहालय तिथेच उरका. निघण्यापूर्वी त्या आठवड्यातल्या उघडण्याच्या वेळा तेवढ्या पाहून घ्या. शेवटची तीन-चार किलोमीटर जेवणानंतर पळायची की बहिणीच्या गाडीत बसायचे, हे तेव्हा पाय पाहून ठरवा. त्या दिवसांत सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, त्यामुळे घाई नाही. फक्त गाडीत बसणार असाल, तर ती मैलाच्या दगडापाशी थांबवायला सांगा आणि तिथपासून खुंटापर्यंतचा एक रोमन मैल तेवढा पळून घ्या. बहीण पुढे जाऊन खुंटापाशी उभी राहील.